दुधाचा दात पडणारच, मग सिमेंट कशाला?

ए-३०२ वहिनी: पर्वरीत नाहीतर म्हापशाला लहान मुलांचे दात बघणारं कुणी चांगलं आहे का? आमच्या बाबूच्या दाढेवर काळा ठिपका दिसतोय. सहा पूर्ण झाली त्याला. दुखत नाही. सासूबाई म्हणतात, दुधाचा दात पडणारच, मग त्यात सिमेंट भरायचं कशाला?

बी-१०४ काका: आजींचं बरोबर आहे. आमच्या वेळी कोण भरत होतं? लवंगेचं तेल लावा.

सी-२०१ डॉक्टरताई: वहिनी, टॉर्च लावून बघा. ठिपका कुठल्या दाढेवर आहे? तिच्या मागे आणखी दाढ आहे का?

ए-३०२ वहिनी: नाही, तीच शेवटची. तिच्यापुढे दोन दाढा आहेत.

सी-२०१ डॉक्टरताई: मग ती दुधाची नाहीच! दुधाच्या दाढा एका बाजूला दोनच असतात. सहाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताही लागत नाही. ही गेली तर जागेवर दुसरी येणार नाही. पुढच्या मधल्या दातापासून मोजा, सहावा नंबर तिचा.

ए-३०२ वहिनी: अगंबाई. मोजलं. सहावाच आहे.

सी-२०१ डॉक्टरताई: घाबरू नका. नवीन दाढेच्या खाचा खोल असतात, ब्रश तिथे नीट पोचत नाही. कधी नुसता डाग असतो, कधी कीड. ते तपासूनच कळेल, लागलं तर एक्स-रे काढतील. पण दुखत नाही म्हणून थांबू नका. वरच्या कवचाला, इनॅमलला, संवेदनाच नसते. कीड आतल्या थरापर्यंत, डेंटिनपर्यंत गेली की थंड-गोड झोंबायला लागतं, आणि दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की रात्रभर ठणका. आज सिमेंटवर भागेल, तेव्हा भागणार नाही. काका, लवंगेच्या तेलाने ठणका घटकाभर कमी होतो, खड्डा तसाच राहतो. आणि आजींना सांगा, दुधाच्या दाढासुद्धा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या लवकर काढल्या तर मागची दाढ पुढे सरकते आणि त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही.

ए-१०१ दादा: दात भरायला चांदी बरी की पांढरं? चांदी टिकते म्हणतात.

सी-२०१ डॉक्टरताई: टिकते, खरं आहे. पण चांदीच्या मसाल्यात जवळपास निम्मा पारा असतो. मिनामाता करारात, म्हणजे पाऱ्याचा वापर कमी करायच्या आंतरराष्ट्रीय करारात, १५ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना हा मसाला शक्यतो वापरू नये असं ठरलंय, युरोपियन युनियनने तर १ जानेवारी २०२५ पासून जवळजवळ बंदच केला. तुमच्या दातातली जुनी चांदी धड असेल तर मात्र उगाच उकरून काढू नका, काढतानाच जास्त वाफ सुटते.

बी-३०४ काकी: आमच्या नातीला पांढरं भरलं तेव्हा मी बाजूलाच होते. कीड कोरून काढली, निळी जेल लावली, धुतली, मग मसाला थोडा थोडा घालून दर थराला निळा दिवा धरला. मध्ये तिने जीभ लावली तर डॉक्टरांनी परत सुकवून घेतलं.

सी-२०१ डॉक्टरताई: बरोबर केलं त्यांनी. ते कंपोझिट. त्याला दात कोरडा हवा, थुंकी लागली तर नीट चिकटत नाही. पोर फार वळवळत असेल तर ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट भरतात. ते थोडी ओल चालवून घेतं, फ्लोराइडही सोडतं, पण झिजतं लवकर. बाबूला काय भरायचं ते दाढ बघूनच ठरवू दे त्यांना.

ए-३०२ वहिनी: आणि गोड एकदम बंद करू का? गणपतीची चवथ आली जवळ.

सी-२०१ डॉक्टरताई: नेवऱ्या-करंज्या खाऊ दे हो, पण जेवणाबरोबर. दिवसभर येता-जाता तोंडात टाकलं की दात सावरायला वेळच मिळत नाही. आणि रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करा, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी. त्यानंतर दूध नको, फक्त पाणी.

बी-३०४ काकी: वहिनी, बांबोळीच्या डेंटल कॉलेजात मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. सकाळी लवकर जा, गर्दी असते. आमचे हे सोमवारी तिथेच जीएमसीला, गोवा मेडिकल कॉलेजात, जाणार आहेत, गाडीत जागा आहे.

ए-३०२ वहिनी: येते काकी. उपाशी न्यायचं का त्याला?

सी-२०१ डॉक्टरताई: छे, पेज पाजून न्या. आणि इंजेक्शन दिलं तर बधिरपणा जाईपर्यंत लक्ष ठेवा. मुलं नकळत ओठ चावून जखम करून घेतात.