मदत हवी आहे: बायकोच्या ड्यूट्या दर आठवड्याला बदलतात, धावणं कसं बसवू?

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीत राहतो, वय ३९, ऑफिस फोर्टला. बायको स्टाफ नर्स आहे. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. मुलगा अडीच वर्षांचा. आई आमच्याकडेच असते, वय ६९, दोन्ही गुडघे दुखतात. प्रश्न धावण्याचा असला तरी गाठ इथेच पडली आहे, म्हणून घरचं सगळं आधी सांगतोय.

मार्चमध्ये ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची चाचणी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, असं डॉक्टर म्हणाले. वडिलांना मधुमेह होता. शेवटची दोन वर्षं त्यांना डायलिसिसला मीच न्यायचो. तो रिपोर्ट हातात घेऊन मी लोकलमध्ये बसलो होतो तेव्हा दिवा स्टेशन कधी गेलं, कोपर कधी गेलं, कळलं नाही. ईसीजी वगैरे करून डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली. एप्रिलभर चाललो, मेमध्ये चालता चालता धावायला लागलो. आणि मला ते मनापासून आवडलं. घरडा सर्कलपाशी क्रीडासंकुलाच्या बाहेरून पहाटे फेऱ्या मारताना डोकं जेवढं शांत असतं तेवढं दिवसभरात पुन्हा कधी नसतं.

आता अडचण. बायकोची ड्यूटी आठवड्याला बदलते आणि पुढच्या आठवड्याची यादी शनिवारी दुपारी कळते. मॉर्निंग असली की ती पावणेसहाला घर सोडते, साडेचारपर्यंत परत येते. इव्हिनिंगला दुपारी साडेबाराला निघते, रात्री साडेअकराला येते. नाइटला संध्याकाळी सातला निघते, सकाळी सव्वानऊला घरी. माझं आठवड्याचं सारखंच: मुलीचा डबा, ७ वाजून ५ मिनिटांनी तिची बस, ७:५० ला मी घराबाहेर, रात्री पावणेआठला परत.

मोबाइलवरच्या अॅपमधला अर्ध्या मॅरेथॉनचा बारा आठवड्यांचा आराखडा घेतला होता. मंगळ, गुरू, शनि धावा आणि रविवारी लांब. तिसऱ्या आठवड्यात तिला नाइट लागली आणि सगळं कोसळलं. आठवडाभर एकदाही जमलं नाही म्हणून रविवारी एकदम १२ किलोमीटर धावलो. तेव्हापासून उजवी नडगी आतल्या बाजूने दुखतेय.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. त्याच नाइटच्या आठवड्यात एका पहाटे पाच वाजता, मुलं झोपलेली बघून, मी आईला सांगून बाहेर पडलो. मुलगा साडेपाचला उठला आणि रडायला लागला. आईने त्याला पलंगावरून उचलून घेतलं आणि तिच्या कंबरेत उसण भरली. मी परत आलो तेव्हा तो शांत झोपला होता, आई काही बोलली नाही. दोन दिवसांनी मुलीने सांगितलं, "आजी हल्ली भिंत धरून उठते." मला फार वाईट वाटलं. ज्या ४५ मिनिटांना मी माझी म्हणत होतो ती आईच्या कंबरेवर उभी होती.

ज्यांच्या घरी लहान मुलं आणि शिफ्ट दोन्ही आहेत त्यांनी हे कसं बसवलं ते सांगा. बायकोची झोप आणि आईचं शरीर, दोन्हीला हात न लावता काही होतं का? जानेवारीत मुंबईची अर्धी मॅरेथॉन मनात आहे. तीही सोडू का?

प्रतिसाद: पहाटवारा

पहाटे ४ ला उठा. बाहेर पडून ४:५० पर्यंत घरी. इच्छा असेल तर वेळ निघतोच, मी सात वर्षं हेच करतोय. रस्तेही मोकळे असतात.

प्रतिसाद: मूळ धागाकर्ता

धन्यवाद. पण मुलांची जेवणं, अभ्यास, ओटा आवरणं होऊन मला पाठ टेकायला अकरा होतात. चारला उठून मेमध्ये आठ दिवस बघितलं. पाचव्या दिवसापासून ऑफिसात डोळे मिटत होते आणि मुलीवर विनाकारण ओरडलो. ते मला परत नको आहे.

प्रतिसाद: ठाकुर्लीची ताई

दादा, तुमच्या शेजारच्याच स्टेशनवरून लिहिते. माझे मिस्टर रेल्वेत गार्ड आहेत, त्यामुळे वार बघून बेत आखायचे नाहीत हे मी लग्नानंतर पहिल्या महिन्यातच शिकले. आमच्या घरी सोमवार-मंगळवार नसतात, लिंक असते, म्हणजे ड्यूट्यांचा फिरता क्रम. मी सहा वर्षं धावतेय, मुलं आता ११ आणि ८.

तुमची चूक धावण्यात नाही, कॅलेंडरात आहे. ते अॅप बंद करा. एका कागदावर तीन रकाने आखा, मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट, आणि प्रत्येकात धावणं वेगळं लिहा. शनिवारी यादी आली की कोणता रकाना लागू आहे एवढंच बघायचं.

इव्हिनिंगचा आठवडा तुमचा सगळ्यात चांगला, कारण पहाटे ती घरात असते. पण ती रात्री साडेबाराला झोपलेली असणार, तेव्हा तिच्या भरवशावर जाऊ नका. त्या दिवसांत मुलाला आजीजवळ झोपवा आणि गादी जमिनीवर घाला. पलंग नको. मूल उठलं तर आजीने आडवं राहूनच थोपटायचं, उचलायचा प्रश्नच येत नाही. उशाशी पाण्याचा पेला आणि एखादं बिस्कीट ठेवा. माझ्या सासूबाईंच्या पाठीचा त्रास असाच सुटला. आईंना मात्र आधी नीट विचारा. त्या नाही म्हणणार नाहीत हे गृहीत धरू नका. त्या नाही म्हणू शकतील अशा पद्धतीने विचारा.

मॉर्निंगच्या आठवड्यात पहाट विसरा, डबा आणि बस तुमच्याकडेच आहे. त्या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर तिथूनच धावा. फोर्टहून मरीन ड्राइव्ह हाकेवर आहे. नरिमन पॉइंटकडून चौपाटीकडे पंधरा मिनिटं जायचं, पंधरा मिनिटं परत यायचं. ओला नॅपकिन, कोरडा टीशर्ट पिशवीत ठेवा आणि सीएसएमटीहून सुटणारी लोकल पकडा. घरी येऊन मग धावू म्हणाल तर नाही होत. उंबरठा ओलांडला की मुलं पायात येतात, आणि यायलाच हवीत.

नाइटच्या आठवड्यात धावू नका. सरळ लिहून टाका की हा आराम आठवडा. तिच्या सुट्टीच्या दिवशी जमलं तर एकदा. बाकी मुलं झोपल्यावर घरातच पंधरा मिनिटं उठाबशा, टाचा वर उचलणं, प्लँक.

प्रतिसाद: फिजिओ, नाशिक

नडगीबद्दल. आधी धावणं दहा दिवस बंद. हाडावर एकाच बोटाएवढ्या जागी दाबून कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर अस्थितज्ज्ञांना दाखवा, ते साधं दुखणं नसू शकतं. लांब पट्ट्यात बोथट दुखत असेल तर बहुतेक भार एकदम वाढल्यामुळे. आठवडाभर शून्य आणि रविवारी बारा, हे त्याचं ठरलेलं कारण आहे. चुकलेलं धावणं कधीही भरून काढायचं नाही. ते गेलं. पुढचं जे आहे तेच धावायचं.

दुसरं म्हणजे वेग. माझ्याकडे येणारे नव्वद टक्के नवे धावपटू, आणि हा माझा अंदाज आहे, गरजेपेक्षा जोरात धावतात. धावताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून शब्द तुटत असतील तर चाला.

तिसरं, तुम्ही हे साखरेसाठी सुरू केलंत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. पंचवीस-तीस मिनिटांची तीन धावणी झाली की दुसऱ्या हिशोबाची खालची मर्यादा गाठली. त्यात स्टेशनपर्यंतचं झपाझप चालणंही जमा होतं. नाइटच्या आठवड्यात रिक्षा सोडा, चालत जा. आराम आठवड्याला मी तर मान्यताच देईन, पण "काहीच नाही" असा तो नसावा. मांडीचे मोठे स्नायू वापरले की रक्तातली साखर ते उचलतात, म्हणून उठाबशांना कमी लेखू नका.

अर्धी मॅरेथॉन या जानेवारीत नको. मुंबईतच दहा किलोमीटरही असते. ती करा. २१ किलोमीटरसाठी रविवारी दोन-दोन तास लागतात आणि ते दोन तास सध्या तुमच्या घरात नाहीत.

प्रतिसाद: वॉर्ड नंबर ७

मी स्वतः सिस्टर आहे, बावीस वर्षं झाली. ठाकुर्लीच्या ताईंचं बाकी सगळं पटलं, पण मॉर्निंगच्या आठवड्याबद्दल मला बोलायचं आहे. मॉर्निंगला तुमची बायको चार-साडेचारला उठते. आठ तास उभी असते. परतीच्या लोकलमध्ये पुन्हा उभी. साडेचारला घरी आली की दोन्ही मुलं तिच्यावर. त्या दिवशी घड्याळात पावणेआठ व्हायची ती वाट बघत असते. तुम्ही मरीन ड्राइव्हहून पावणेनऊला आलात तर तो एक तास ती कुठून आणेल?

तुमच्या अख्ख्या प्रश्नात आईची कंबर आहे, मुलीची बस आहे, तुमची साखर आहे. बायको काय म्हणाली ते कुठेच नाही. तिची झोप मोडू नये असं तुम्ही लिहिलंत, ते खरंच चांगलं आहे. पण तिला विचारलंत का, की तुला काय हवं? नाइट करून आल्यावर माणसाला काय लागतं ते घरच्यांना वाटतं तेच असतं असं नाही.

प्रतिसाद: मूळ धागाकर्ता

सिस्टर, नव्हतं विचारलं. तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस गप्प होतो. काल रविवारी तिला सुट्टी होती, मुलं दुपारी झोपल्यावर धागा तिच्या हातात दिला. तिने सगळा वाचला, ताईंच्या गादीवर "हे बरोबर आहे" म्हणाली, आणि तुमच्या प्रतिसादावर बराच वेळ थांबली.

मग तिने दोन गोष्टी सांगितल्या. नाइटहून आल्यावर तिला झोप हवी असते हे मला माहीत होतं. पण घरी आल्याआल्या ओट्यावर सकाळची भांडी दिसली की ती आधी घासते आणि मग झोप उडते, हे मला माहीत नव्हतं. मी पावणेआठलाच निघून गेलेलो असतो. दुसरी गोष्ट, तिला वाचनालयात जायचं आहे. लग्नाआधी दर शनिवारी जायची. आता वर्गणी चालू आहे, पुस्तक बदलून मी आणतो, तिला स्वतः कपाटांपुढे उभं राहून निवडायचं असतं. एकटीने, एक तास. इतक्या वर्षांत तिने हे मागितलं नव्हतं, कारण मी कधी तसा प्रश्न विचारला नव्हता.

मॉर्निंगच्या आठवड्यावर आम्ही असं ठरवलं: एकच दिवस मरीन ड्राइव्ह, तोही कोणता ते ती सांगणार. त्या रात्रीचं जेवण आदल्या दिवशी मी करून ठेवणार.

आईलाही विचारलं. ती म्हणाली, "गादी खाली घाल, पण मला उठायला स्टूल ठेव शेजारी." स्टूल आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

प्रतिसाद: ठाकुर्लीची ताई

सिस्टरांनी माझी चूक बरोबर पकडली. आमच्याकडे मिस्टरांना घरी येऊन निदान आराम असतो, तेच डोळ्यांसमोर ठेवून मी लिहिलं. स्टूलबद्दल आईंना नमस्कार सांगा.

प्रतिसाद: मूळ धागाकर्ता (पाच आठवड्यांनंतर)

कळवायचं राहिलं होतं. नडगीचं दुखणं लांब पट्ट्यातलंच होतं. दहाऐवजी चौदा दिवस थांबलो, मग एक मिनिट धावणं दोन मिनिटं चालणं असं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

इव्हिनिंगच्या आठवड्यात तीन वेळा झालं, ५:१० ते ५:५०. मुलगा एकदा उठला, आजीला चिकटून परत झोपला. मॉर्निंगला ठरल्याप्रमाणे एकदाच, पण त्या संध्याकाळी भरती होती आणि कठड्यावरून पाणी उडत होतं, भिजलो आणि फार छान वाटलं. नाइटच्या आठवड्यात एकही नाही. भांडी मात्र रोज घासून निघालो, त्यासाठी सव्वासहाऐवजी सहाला उठलो. ती आल्यावर सरळ झोपते आता. त्या आठवड्यात मला पूर्वी जी चिडचिड व्हायची, की सगळे धावतायत आणि मी नाही, ती झाली नाही. कागदावर "आराम" लिहिलेलं असतं एवढंच. फ्रिजवर लावलाय तो कागद, मुलीने नाइटच्या रकान्यात चंद्र काढलाय.

वाचनालयात ती तीन वेळा जाऊन आली. पहिल्या वेळी वीस मिनिटांत परत आली, सवयीने. परवा दीड तास लागला.

जानेवारीला दहा किलोमीटरच. अर्धी मी पुढे कधीतरी साताऱ्याला करीन. गाव तिकडचं आहे, वडिलांबरोबर लहानपणी यवतेश्वरचा घाट पायी चढलेलो आहे आणि तिथली हिल मॅरेथॉन त्याच घाटाने जाते. त्याला घाई नाही. एचबीएवनसी पुढच्या महिन्यात करायचं आहे. ते साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं म्हणून डॉक्टरांनीच मध्ये करू नका सांगितलं.

आता एक बारीक प्रश्न. बुटांचा जोड एकच आहे आणि पावसात भिजला की दुसऱ्या पहाटेपर्यंत वाळत नाही. ओल्यातच धावलो तर टाचेला फोड येतो. काय करता?

प्रतिसाद: पहाटवारा

आतला सोल काढून वेगळा ठेवा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे घट्ट कोंबा, दोन तासांनी बदला, झोपताना पुन्हा एकदा. पंख्याखाली आडवे ठेवा. गॅसजवळ किंवा हीटरपुढे नको, चिकटवलेलं उकलतं. आणि चार वाजता उठण्याचं मी लिहिलं होतं ते तुमच्या घरासाठी नव्हतं, धागा पूर्ण वाचल्यावर कळलं.

प्रतिसाद: मूळ धागाकर्ता

बोळे घातले. उद्या इव्हिनिंग आहे.