मदत हवी आहे : ईजीआर व्हॉल्व्ह उघडतोय, पण इंजिनला फरकच पडत नाही

नमस्कार मंडळी. वडिलांची १९९७ची कार्ब्युरेटरवाली पेट्रोल गाडी मी अजून नागपुरात रोज चालवतो. हल्ली वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ठोकतं. ठिणगीचं टायमिंग बरोबर आहे, म्हणून ईजीआरवर (जळलेला धूर थोडा परत इंजिनात सोडून ज्वलन थंड ठेवणारी यंत्रणा) संशय.

हातपंपाने व्हॉल्व्हला व्हॅक्यूम दिला. दांडा वर उचलला जातो आणि पंपाचा काटा जागचा हलत नाही, म्हणजे डायफ्रॅम फाटलेला नाही. पण आयडलला व्हॉल्व्ह उघडला की इंजिन अडखळायला हवं, बंदही पडायला हवं. इथे आवाजसुद्धा बदलत नाही! मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांचा भाग) धुराचा रस्ता कार्बनने बुजला असावा. मेकॅनिक म्हणतो, नळी काढून तोंड बंद करून टाका. मला ते अजिबात पटत नाही. नायट्रोजन ऑक्साइड वाढतील आणि ठोकणं तसंच राहील.

मॅनिफोल्ड न उतरवता हा कार्बन निघतो का?

शिवाय थर्मल व्हॅक्यूम व्हॉल्व्ह (इंजिन तापल्यावरच ईजीआरला व्हॅक्यूम सोडणारा) थंड इंजिनात बंद राहतो की नाही, तेही बघायचंय. मे महिन्यात आपल्याकडे पहाटेही इंजिन धड थंड नसतं. तो काढून बर्फाच्या पाण्यात बुडवायचा आणि नळीतून फुंकून पाहायचं, हे चालेल का? जुन्या कार्ब्युरेटरचं काम मन लावून करणारा कोणी नागपुरात असेल तर नक्की सांगा भाऊ.