संकलन, संपादन की नुसती कापाकापी?

सीताबर्डी :
कॉलेजच्या मुलांसाठी मालिकांच्या दृश्यभाषेवर एक टिपण लिहितेय. त्यात माझं वाक्य होतं : ‘मालिकेतला निम्मा अर्थ संवादात नसतो, तो संकलनात घडतो.’ टिपण तपासणाऱ्या बाईंनी ‘संकलन’वर काट मारून ‘संपादन’ लिहिलं आणि बाजूला शेरा दिला, ‘संकलन म्हणजे गोळा करणे’. लहानपणापासून श्रेयनामावलीत मी ‘संकलन’च वाचत आले. पण त्यांचं म्हणणं खोडताही येईना. रक्तसंकलन, करसंकलन, कचरा संकलन... सगळीकडे गोळाच करतात. मग कापून जोडणाऱ्या माणसाला हा शब्द कसा लागला?
आणखी एक. रिअ‍ॅक्शन शॉटला, म्हणजे काही घडल्यावर बघणाऱ्या-ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवतात त्या शॉटला, काय म्हणता? मी ‘प्रतिक्रिया-दृश्य’ लिहिलंय, पण दृश्य म्हणजे तर सीन. शॉट त्याहून लहान.

धरमपेठी :
संपादन नकोच. आपल्याकडे संपादन म्हटलं की आधी भूसंपादन डोळ्यांसमोर येतं, समृद्धी महामार्गापासून तर फारच. दुसरा अर्थ वर्तमानपत्राचा. चित्रपटातलं ‘संपादन’ हिंदीकडून आलंय. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी आपल्या कागदपत्रांत मुरलेली आहे. मराठी पडद्यावर ‘संकलन’च येतं, राज्य पुरस्कारही ‘उत्कृष्ट संकलना’चाच असतो. बाईंना तेवढं दाखवा.

गणितवाला :
‘गोळा करणे’ हा एकच अर्थ नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात संकलित म्हणजे बेरीज आणि व्यवकलित म्हणजे वजाबाकी. एका शॉटमध्ये दुसरा मिळवला, तिसरा मिळवला, हे संकलनच झालं. इंग्रजांनी कापण्याकडे पाहून ‘कटिंग’ म्हटलं, आपण जोडण्याकडे पाहून ‘संकलन’. मला आपलं जास्त खरं वाटतं.

एडिटला बसलेला :
बारा वर्षं मालिकांचे भाग कापतोय, म्हणून लिहितो. बेरीज होत नाही, दादा. बेरजेत दोन आणि दोन चारच होतात. रशियात कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा आधी सुपाच्या वाटीला जोडला, मग शवपेटीला. लोकांना आधी त्यात भूक दिसली, नंतर दुःख. चेहरा बदललाच नव्हता. जे दोन्ही तुकड्यांत नव्हतं ते जोडावर तयार झालं.
आमच्याकडे हे रोज होतं. सून चहाचा कप ठेवते. त्यापुढे सासूचा क्लोज, म्हणजे जवळून घेतलेला चेहरा, लावला तर सून घाबरलेली वाटते. तिथेच टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा लावला तर तीच सून कावेबाज वाटते. नटीने एकच काम केलेलं असतं. सासूचा क्लोज नुसता दीड सेकंद जास्त धरला, तरी पाहणाऱ्याला कळतं की हिने काहीतरी ओळखलंय. त्यासाठी संवाद लिहावा लागत नाही.
शब्दाचं म्हणाल तर सेटवर दोन्ही शब्द ऐकू येत नाहीत. ‘एडिटला बसलाय’ म्हणतात. खांद्यावरून घेतलेल्या शॉटला ‘सजेशन’, नजरेच्या दिशेला ‘लूक’. दोघांचे लूक जुळले नाहीत तर समोरासमोर बोलणारी माणसं एकाच भिंतीकडे बघताहेत असं वाटतं.

शुद्धलेखन :
‘सजेशन’ कशाला? ‘खांद्यावरून’ म्हणा, मराठीच आहे की. तुम्हीच वापरला नाहीत तर शब्द रुजणार कसा? डॉ. रघुवीरांनी याच नागपुरात बसून इंग्रजी शब्दांना पर्याय देणारे कोश रचले.

धरमपेठी :
आणि त्या कोशांतले किती शब्द आज बर्डीच्या बाजारात ऐकू येतात?

शुद्धलेखन :
सगळे नसतील. पण ‘दिग्दर्शक’ हाही ठरवून घडवलेलाच शब्द, सावरकरांच्या नावावर सांगतात तो. आज तो कुणाला परका वाटतो का? वापरून वापरून शब्द आपला होतो. ‘सजेशन’ला जी सवय दिलीत ती ‘खांद्यावरून’ला द्या, एवढंच मागतोय.

उमरेड रोड :
रिअ‍ॅक्शन शॉटचा प्रश्न राहिलाच. माझी आजी वऱ्हाडातली. मालिका लागली की स्वयंपाकघरातूनच ऐकायची. ढण, ढण, ढण झालं की म्हणायची, “पाह्य मा, आता एकेकाचं तोंड दाखोतीन.” तीन डाव वाजलं म्हणजे तीन तोंडं. पडदा न बघता तिला शॉट मोजता यायचे. आमच्या घरात त्या शॉटला ‘तोंडं’च म्हणतात. शेवटच्या वर्षी तिला दिसेनासं झालं, तरी तिची मालिका चुकली नाही.

एडिटला बसलेला :
आजींना बरोबर कळलं होतं. तो ठोका आम्ही कटवरच बसवतो.

गणितवाला :
‘तोंडं’ सुंदर आहे. पण टिपणात चालेल?

सीताबर्डी :
मला चालेल. बाईंना चालेल की नाही, शंका आहे. मुळात ‘कट’च लिहिलं तर?

शुद्धलेखन :
‘कट रचला’ म्हटल्यावर मुलं काय समजतील?

उमरेड रोड :
आणि पुरणाची डाळ शिजवून वरचं पाणी काढतो तोही कट. काढून टाकलेलं ते कट, असं मी धरून चाललोय.

एडिटला बसलेला :
आमच्याकडे उलट. काढून टाकल्यावर जे उरतं त्याला कट म्हणतात. ‘पहिला कट झाला का?’ म्हणजे जोडलेला भाग तयार आहे का.

धरमपेठी :
आमटीच्या कटाला कापण्याशी जोडू नका, इंग्रजी येण्याच्या आधीपासून पुरण शिजतंय. कोल्हापूरकडे मिसळीच्या वरच्या तेलकट रश्शालाही कट म्हणतात, तो कुठे काढून टाकतात?

उमरेड रोड :
त्याला तर आपण तर्री म्हणतो. पोह्यांवर पडते ती. तर्री कुठून आली, हे माहीत आहे का कुणाला?

गणितवाला :
‘तर’ म्हणजे ओलं, फारसी. तरबतरमधलं.

शुद्धलेखन :
मला ‘तरणे’ वाटतं. तेल वर तरंगतं ना.

सीताबर्डी :
सोमवारी टिपण द्यायचंय. सध्या ‘संकलन’ ठेवतेय आणि समासात लीलावतीचा दाखला देतेय.

धरमपेठी :
द्या. पण तर्री ‘तरणे’वरून आली असेल तर मग ‘तरी’ का झाली नाही? तो दुसरा र कुठून आला?