‘मोर्चा’ पुढे सरकवायचा म्हणजे नेमकं काय सरकवायचं?

पंचवटीकर:
आम्ही चौघं रविवारी टेबलावर शिपाई मांडून लढाया खेळतो. इथे नाशिकला नारोशंकराच्या देवळावरची घंटा येताजाता दिसते, वसईच्या विजयाची, तिच्यावर ती ओतल्याचं १७२१ साल कोरलेलं. म्हणून यंदा वसईचा वेढाच मांडला: १७३९, चिमाजी अप्पा विरुद्ध पोर्तुगीज. इंग्रजी नियमांचा मराठी तर्जुमा माझ्याकडे आला. चर खणत तटाकडे जाण्याला मी ‘मोर्चा पुढे सरकवा’ असं लिहिलं. आमच्यातल्या एकाने पायदळाची अख्खी रांग उचलली आणि उघड्या मैदानातून थेट बुरुजासमोर नेऊन ठेवली. तीन फाशांत सगळे आडवे! वर मलाच ऐकवतो, मोर्चा म्हणजे माणसं चालत जातात तोच ना? २०१८ साली शेतकरी इथूनच मुंबईला चालत गेले, त्यामुळे माझी बोलतीच बंद. शब्द बदलू का?

गोदाकाठ:
मुळीच नको. शब्द फारसी ‘मूर्चाल’वरून आलाय. वेढा घालणाऱ्यांनी खणलेला चर, तोफा मांडायची आडोशाची जागा, हा त्याचा जुना अर्थ. ‘मोर्चे लावले’ म्हणजे घोषणा दिल्या नव्हेत, फावडी चालली. निवडणुकीतली ‘मोर्चेबांधणी’ही तिथलीच, आपण बोलतो, पण माती विसरलो. मिरवणुकीचा अर्थ फार नंतर चिकटला.
‘सुरुंग’ या शब्दालाही हात लावू नका. संस्कृतात तो ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला, म्हणजे नळी. दवाखान्यातली सिरिंज त्याचीच बहीण! वसईच्या सान सेबास्तियाँव बुरुजाखाली हेच सुरुंग लावले होते.

रामसेजच्या पायथ्याशी:
शब्द राहू द्या, आधी नियम कुठले घेतलेत ते सांगा. मैदानी लढाईच्या नियमांत एक पाळी म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. वसई फेब्रुवारी ते मे चालली. मिनिटांच्या पाळीत चर खणणार कधी? मग खेळणारा रांगच उचलणार, त्याची काय चूक? एक पाळी म्हणजे एक दिवस, असे नियम घ्या. रोज चर किती हात पुढे गेला, रसद किती उरली, तटाला खिंडार पडलं का, एवढंच बघायचं. सुलतानढवा, म्हणजे सगळ्यांनी एकदम केलेला निकराचा हल्ला, अगदी शेवटी, आणि तोही खिंडार पडल्यावरच. युरोपात १६७३ ला मास्त्रिख्तच्या वेढ्यात वोबाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्याने तटाला समांतर चर खणून हेच केलं.
आणि ‘शरणागती’ कशाला लिहिता? ‘कौल’ लिहा, म्हणजे अभयाचं वचन. पोर्तुगीजांना कौल मिळाला, हत्यारं-निशाणांसह बाहेर पडू दिलं. खेळात त्याचे गुण वेगळे धरा, नाहीतर आतला भिडू शेवटच्या प्याद्यापर्यंत उगाच लढत बसतो.

पंचवटीकर:
दिवसाची पाळी घेतली. कौलही घेतला. ‘मोर्चा’ ठेवलाय, फक्त पुढे कंसात लिहिलं: माणसं उचलू नयेत, माती उचलावी.