बी विंग महिला मंडळ: लग्नासाठी एक्स्टेन्शन लावून घेऊ का?

प्राजक्ता (४०२): सगळ्यांना एक विचारायचंय. लग्न दीड महिन्यावर आलंय. पावसाळ्यात डेंग्यू झाला, त्यानंतर केस मूठमूठ गळले, शेपटा बोटाएवढा उरलाय. पार्लरवाली टेप एक्स्टेन्शन, म्हणजे चिकटपट्टीने जोडायचे जादा केस, लावून घे म्हणते, १८ हजार सांगतेय. घरात कुणालाच यातलं कळत नाही. करू का?

शोभाकाकू (१०१): अगं, खोपाच घालणार ना? आम्ही गंगावन लावायचो आणि कार्य झालं की काढून ठेवायचो.

प्राजक्ता (४०२): काकू, लग्नात खोपाच. रिसेप्शनला मोकळे सोडायचेत.

डॉ. अश्विनी (६०४): प्राजक्ता, आधी घाबरू नकोस. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस असेच गळतात. मुळं जिवंत असतात, बहुतेकींचे काही महिन्यांत भरून येतात. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे लग्नापर्यंत लांबी येणार नाही, हे मात्र खरं.
टेपमध्ये तुझ्याच केसांची पातळ बट दोन चिकट पट्ट्यांच्या मध्ये धरतात. ते वजन झोपेतसुद्धा मुळांवर असतं. सतत ओढ बसत राहिली तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात, कपाळाच्या कडेला आणि कानांच्या वर आधी दिसतं. आत्ता टेप नको, केराटिन बॉन्ड (गरम करून चिकटवतात ते) नको, बारीक रिंगांत अडकवतात तेही नकोत. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तेवढं तपासून घे.

रूपाली (२०५): मी नवरीच्या केसांची कामं करते म्हणून सांगते, डॉक्टरांचं ऐक. आणखी एक, तेलवणाला डोक्याला तेल लागणार आणि तेलाने टेपचा गोंद सुटतो. हळदीतच पट्ट्या घसरायला लागतील.
क्लिपवाले घे. सकाळी लावायचे, रात्री काढायचे. मानेपासून वर आडवा भांग पाडायचा, मुळाशी थोडं उलटं विंचरून तिथे क्लिप बसवायची. कडेचे बोटभर केस मोकळे ठेवायचे म्हणजे पट्टी दिसत नाही. रंग भरदिवसा खिडकीपाशी, केसांच्या टोकांशी जुळवायचा. खोप्याला तर लांब पट्ट्याही नकोत, आत भरणी घालून वर गजरा माळला की झालं.

मीनल (३०३): क्लिपवाल्यांतही फसवणूक आहे हं. रेमी म्हणून काहीही विकतात. माझ्या नणंदेचे दोन-तीनदा धुतल्यावर असे गुंतले की टाकूनच द्यावे लागले.

रूपाली (२०५): कारण ते रेमी नव्हतेच. रेमीत सगळ्या केसांची मुळं एका बाजूला असतात. दारोदार केसांवर भांडी देणारे फेरीवाले गोळा करतात ते फणीतले गळके केस, त्यात मुळं-टोकं एकत्र झालेली. मग रसायनाने वरचे खवले काढतात, सिलिकॉन चढवतात. दुकानात रेशमासारखे लागतात, ते धुतलं की संपलं. आणि सिंथेटिकला कर्लिंगची मशीन लावू नकोस, वितळतात.

शोभाकाकू (१०१): पण दुसऱ्या कुणाचे केस शुभकार्यात डोक्यावर? मला नाही पटत बाई.

मीनल (३०३): काकू, तिरुमलाला भक्तांनी नवसाचे दिलेले केस देवस्थान लिलावात विकतं, चांगले लांब केस त्यातून बाजारात येतात. त्यात अशुभ काय?

शोभाकाकू (१०१): नवसाचे असतील तर माझं काही म्हणणं नाही. पण प्राजक्ता, तुझे केस विरळ दिसले म्हणून कुणी नाव ठेवणार नाही. आजारातून उठलीस, तेच मोठं आहे.

प्राजक्ता (४०२): काकू 🙏 आई वाचून रडतेय इथे. ठरलं, टेप नाही. खोप्यात भरणी आणि रिसेप्शनपुरते क्लिपवाले. रूपालीताई, विकत घेऊ की भाड्याने मिळतात?

रूपाली (२०५): एका संध्याकाळसाठी विकत कशाला, माझ्याकडे दोन सेट आहेत. शनिवारी चारनंतर ये. आदल्या दिवशी केस धू, कंडिशनर लावू नकोस, क्लिप निसटते. रिसेप्शनच्या ब्लाउजचा पाठीकडून फोटो आण, त्यावर लांबी ठरवू.

डॉ. अश्विनी (६०४): रिपोर्ट आले की ग्रुपवर टाकू नकोस, मला वेगळे पाठव.