जुन्या विमानांचा फ्लाय-इन: ६२० मीटरच्या गवती पट्टीवर टायगर मॉथ येणार, जमिनीवरची तयारी काय करायची?

गवताळ_पट्टी

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या बाजूला शेतातली एक गवती धावपट्टी आहे. ६२० मीटर लांब, २५ मीटर रुंद, दिशा ०८/२६ (साधारण पूर्व-पश्चिम), पश्चिमेच्या टोकाला झुडपांचं कुंपण. जुलैतल्या एका शनिवारी तिथे जुन्या विमानांचा फ्लाय-इन (पायलट आपापली विमानं उडवत येतात तो मेळावा) ठरतोय. साधारण वीस विमानं येतील: सहा-सात टायगर मॉथ (वर-खाली दोन पंखांचं जुनं ब्रिटिश विमान), दोन-तीन चिपमंक, एक स्टिअरमन, बाकी पायपर कब आणि ऑस्टर. बघायला दोनेकशे माणसं.

एरवी इथे येतात ती सगळी नाकाखाली चाक आणि पायात ब्रेक असलेली विमानं. जमिनीवरची व्यवस्था माझ्याकडे आहे. विचारायचं आहे ते असं: पट्टी पुरेल का? पार्किंग कसं आखायचं? हाताने प्रॉप (पुढचा पंखा) फिरवून इंजिन सुरू करताना गर्दीचं काय करायचं? आणि दोघा-तिघांकडे रेडिओच नाही, त्यांना आत कसं घ्यायचं?

---

तेलकट_हात

आधी पार्किंग, कारण गोंधळ तिथेच होतो.

ब्रिटिश टायगर मॉथला ब्रेक नाहीत आणि शेपटीखाली चाकाऐवजी लोखंडी स्किड असते. गवतात ती रुतून ओढ देते, तोच त्याचा ब्रेक. त्यामुळे त्याला काँक्रीटवर आणू नका. हँगरसमोर काँक्रीटचा चौकोन असेल तर तो कब आणि चिपमंकला द्या. पार्किंगकडे जाणारी वाट उताराची नको आणि टोकाला तंबू, गाड्या, खुर्च्या असं काही नको. इंजिन मंद चालू असलं तरी ओल्या उतारावर हे विमान थांबत नाही.

पंखांची रुंदी जवळजवळ ९ मीटर. दोन विमानांच्या मध्यरेषा १२ मीटरवर धरा, म्हणजे टोकांमध्ये ३ मीटर उरतात. स्टिअरमन थोडं रुंद (९.८ मीटर) आणि त्याचा प्रॉपचा झोत जबरदस्त, म्हणून ते रांगेच्या शेवटी, मागे मोकळं शेत ठेवून. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. दुपारी वारा फिरला तर विमानंही फिरवावी लागतात, तेवढी जागा आणि माणसं राखून ठेवा.

ढकलायचं कसं हे स्वयंसेवकांना सकाळीच विमानापाशी नेऊन दाखवा. खालच्या पंखावर स्ट्रट (दोन पंखांमधला खांब) जिथे बसतो त्या बुडाशी हात लावायचा. पंखाची मागची कड, शेपटीचे हलणारे भाग आणि दोन फासळ्यांमधलं कापड यांना कुणी बोट लावायचं नाही. हौशी माणूस नेमका मागच्या कडेलाच हात घालतो, आणि आतली लाकडी पट्टी मोडलेली बाहेरून दिसतही नाही.

टॅक्सी करताना पायलटला समोरचं काहीही दिसत नाही, लांबुळकं नाक आडवं येतं. तो नागमोडी चालवत बाजूने डोकावतो. म्हणून मार्शलने (जमिनीवरून वाट दाखवणाऱ्याने) समोर उभं राहू नये, पायलटच्या डाव्या बाजूला तिरकस राहावं. पायलटचा चेहरा दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. वारा १० नॉटच्या पुढे गेला की प्रत्येक टोकाच्या स्ट्रटपाशी एकेक माणूस चालता ठेवा. सहा मॉथ एकदम निघाले तर बारा माणसं लागतील. ती नसतील तर दोन-दोन करून सोडा.

आता प्रॉप. सूत्रं फिरवणाऱ्याच्या हातात, पायलटच्या नाही. क्रम असा: चॉक (चाकांचे अडसर) लागलेले, "स्विचेस ऑफ, फ्युएल ऑन, थ्रॉटल क्लोज्ड" असा पुकारा आणि आतून तेच शब्द परत. मग कार्ब्युरेटर टिकल करून (त्याची कळ दाबून) पेट्रोल ठिबकू लागेपर्यंत भरायचा, चार ब्लेड हाताने ओढून इंधन आत घ्यायचं, थ्रॉटल किंचित उघडा आणि मगच "काँटॅक्ट" (स्विच ऑन). स्विच ऑफ आहे असं सांगितलं तरी प्रॉप जिवंत आहे असंच धरायचं. मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) अर्थिंगची तार तुटली असेल तर स्विच ऑफ असूनही ठिणगी पडते.

कब फिरवणाऱ्यांसाठी खास सूचना: गिप्सी मेजर (मॉथचं इंजिन) उलटं फिरतं. समोर उभं राहिल्यावर कबचं ब्लेड आपल्या डाव्या हाताला खाली येतं, मॉथचं उजव्या हाताला. सवयीने उभे राहिलात तर पाय आणि तोल दोन्ही चुकतात. तळवा सपाट, बोटं ब्लेडच्या कडेमागे वळवायची नाहीत, अंगठी, मफलर, कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवायचा, ओलं गवत असेल तर विमान कोरड्या जागी न्यायचं.

हे इंजिन उलटं टांगलेलं, सिलिंडरची डोकी खाली. रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपून खाली साचतं. सकाळी स्विच ऑफ ठेवून प्रॉप हळू फिरवून बघायचा. मध्येच घट्ट अडला तर जोर लावायचा नाही, त्या सिलिंडरचा प्लग काढून तेल गाळायचं. जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

---

आकडेमोड

पट्टीबद्दल. पुस्तकातला आकडा कोरड्या डांबरी धावपट्टीचा असतो. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाच्या सुरक्षा पत्रकातले गुणक लावा: कोरडं गवत १.२, ओलं गवत १.३, पुस्तकापेक्षा १० अंश जास्त तापमान १.१, आणि शेवटी सुरक्षेचा १.३३.

समजा एखाद्या विमानाला ५० फुटांपर्यंत चढायला पुस्तकात ३५० मीटर लिहिलेत, आणि दुपारी २५ अंश आहेत.
कोरडं: ३५० × १.२ × १.१ × १.३३ = सुमारे ६१५ मीटर.
ओलं: ३५० × १.३ × १.१ × १.३३ = सुमारे ६६५ मीटर.

म्हणजे सकाळच्या एका सरीने तेच विमान तुमच्या पट्टीबाहेर जातं. यात चढ धरलेला नाही (२ टक्के चढाला आणखी १.१), भुसभुशीत जमीनही नाही (१.२५ किंवा जास्त). वजन १० टक्के वाढलं की १.२, म्हणून मागे पाहुणा बसवून उडणाऱ्यांना वेगळं विचारा. उतरताना ओल्या गवताचा गुणक १.३५ आणि सुरक्षेचा १.४३. ब्रेकवाल्यांना तिथे जास्त फटका बसतो.

टायगर मॉथ एकट्या पायलटसह वाऱ्यात यापेक्षा बरंच आधी सुटतं. त्याची अडचण लांबीची नाही, आडव्या वाऱ्याची. ०८/२६ ला वारा थेट उत्तरेचा किंवा दक्षिणेचा आला आणि ८-१० नॉट झाला की मॉथना "नका येऊ" म्हणायची तयारी ठेवा. शेजारच्या शेतात वाऱ्याच्या दिशेने ३०० मीटरचा तुकडा कापून मिळत असेल तर सोन्याहून पिवळं.

गवत चाकाच्या व्यासाच्या ३० टक्क्यांपेक्षा उंच नको. पट्टीवरून साधी गाडी ताशी ३० मैलांनी चालवून बघा. आत बसून कप हिंदकळण्यापेक्षा जास्त काही जाणवलं तर रोलर फिरवा.

---

गवताळ_पट्टी

फार उपयोगी. दोन जोडप्रश्न. पंपावरचं पेट्रोल कॅनमधून आणून ठेवलं तर चालेल का? आणि समितीतल्या एकाला पोस्टरवर "दुपारी ३ वाजता जुन्या विमानांची खालून फेरी" असं छापायचं आहे.

---

वाऱ्याचा_मोजा

पोस्टर थांबवा! लोकांना दाखवण्यासाठी ठरवून केलेलं उड्डाण म्हणजे प्रदर्शन. मग कॅप ४०३ (हवाई प्रदर्शनांची नियमपुस्तिका) लागू, प्राधिकरणाची परवानगी, प्रदर्शन संचालक, प्रेक्षकांपासूनची अंतरं, सगळंच आलं. २०१५ च्या शोरहॅम एअर शोमधल्या अपघातानंतर हे नियम कडक झालेत. विमानं आली, उभी राहिली, गेली, एवढंच ठेवा आणि तसंच छापा. "जाता जाता एक फेरी" असं पायलटनी आपापसात ठरवलं तरी ब्रीफिंगमध्ये स्पष्ट नाही म्हणा.

रेडिओ नसलेल्यांसाठी: पूर्वपरवानगीशिवाय कुणी येणार नाही असं आधीच कळवा, आणि परवानगीसोबत एक पान पाठवा. त्यावर पट्टीचा नकाशा, सर्किट (उतरण्याआधीचा पट्टीभोवतीचा फेरा) कोणत्या हाताचं, कुंपण आणि विजेच्या तारा, आवाजाबद्दल कुरकुरणारं गाव, उतरण्याची वेळ. ओव्हरहेड जॉइन (पट्टीच्या डोक्यावरून येऊन सर्किटमध्ये शिरणं) २,००० फुटांवर, मृत बाजूला (जिथे सर्किट नाही त्या बाजूला) उतरत १,००० फुटांचं सर्किट, हे सगळ्यांना येतं, पण रेडिओवाले "लाँग फायनल" (लांबून सरळ उतरायला येतोय) म्हणत थेट घुसतात आणि मॉथवाल्याला ते ऐकूच येत नाही. म्हणून त्या दिवशी थेट फायनल सगळ्यांना बंद. वेगातला फरकही लक्षात घ्या: मॉथ ६५-७० नॉट, चिपमंक ९०. दहा-दहा मिनिटांचे गट पाडा, संथ विमानं एका गटात.

जमिनीवर सिग्नल चौक आखा. पांढरा टी: दांड्याला समांतर, आडव्या पट्टीकडे तोंड करून उतरायचं. लाल चौकोनावर पिवळी फुली: उतरू नका. वारा फिरला की टी फिरवायला एक माणूस नेमून द्या. चुकीचा टी हा टी नसण्यापेक्षा वाईट.

पट्टीची स्वतःची वारंवारता नसेल तर सेफ्टीकॉम (अशा पट्ट्यांची सामायिक रेडिओ वारंवारता), १३५.४८०. त्यावर कुणी "उतरायची परवानगी" द्यायची नाही, तो अधिकार तुम्हाला नाही.

---

तेलकट_हात

पेट्रोल: नको. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधलं साधं पेट्रोल ई-१० आहे. त्यातलं इथेनॉल जुनी रबरी सीलं आणि टाकीचा लेप खातं आणि पाणी ओढून घेतं. ॲव्हगॅसच (विमानाचं पेट्रोल) ठेवा. मॉथची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध, १९ गॅलन म्हणजे ८६ लिटर. तासाला ३० लिटर जातं, म्हणजे राखीव धरून दोन तासांची मजल. लांबून येणारा प्रत्येकजण भरणारच. पायरीची भक्कम शिडी लागेल, नाहीतर कुणीतरी पंखावर पाय देईल. झाकण उघडण्याआधी बाँडिंगची (स्थिर विजेची ठिणगी टाळणारी) तार जोडायची, प्लॅस्टिकचं नरसाळं नाही.

तेल विसरू नका. गिप्सी तासाला एखाद-दोन पाइंट पितं.

सुरू करताना आग लागलीच तर बहुधा टिकल करताना सांडलेल्या पेट्रोलची. पायलटने इंधन बंद, स्विच बंद. तुम्ही कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हवेच्या तोंडात मारायचा. पावडर शेवटचा उपाय, ती इंजिनात शिरली की गंज धरते. प्रत्येक सुरुवातीला एक माणूस सिलिंडर हातात घेऊन पंखाच्या टोकापाशी हवा. गरम इंजिनाला पुन्हा टिकल करायचं नाही. दुपारच्या निघण्याच्या घाईत नेमकं तेच होतं, इंजिन गुदमरतं आणि लोक दमून चुका करतात. गुदमरलं तर स्विच ऑफ, थ्रॉटल पूर्ण उघडं, प्रॉप उलटा सात-आठ ब्लेड फिरवायचा, मग पुन्हा पहिल्यापासून पुकारा.

गर्दीचा दोर प्रॉपच्या रेषेत येता कामा नये आणि शेपटीमागेही नको. माझ्या मते किमान २० मीटर. चॉकला लांब दोरी बांधा, खालच्या पंखाच्या बाहेरून ओढता आली पाहिजे. चालू प्रॉपच्या मागे वाकून चॉक काढणारा माणूस ही सगळ्यात भीतीदायक गोष्ट.

---

जुहूकर

ओल्या पट्टीवरून आठवलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ घेऊन जुहूला उतरले, त्यातही उलटं टांगलेलंच गिप्सी होतं. पावसाळ्यात जुहू पाण्याखाली जायचं, म्हणून टपालाचं विमान पुण्याला हलवावं लागे. तेव्हा पट्टी ओली असेल तर दिवस पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. आणि हो, सकाळी ७ ला एकच निर्णय घ्या, तो एकाच माणसाने घ्यायचा, आणि त्याचाच फोन नंबर त्या पानावर असू द्या.

---

वाऱ्याचा_मोजा

+१. आणि संध्याकाळी शेवटचं विमान गेल्यावर पार्किंगच्या रांगांमधून चालून जमिनीत राहिलेले पिकेट (विमानं बांधायचे खुंटे) मोजा. गवतात लपलेला एक लोखंडी स्क्रू पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी प्रॉपला लागतो. वाटताना मोजून द्या, परत घेताना मोजून घ्या.