प्रतिसाद: डब्यांचं गणित

‘नोकरी गेली तर डबे सुरू करा, घरचाच गॅस, भांडवल शून्य’ असं वर कुणीतरी लिहिलंय. शून्य कसलं! घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिकच घ्यावा लागतो. किलोभर कणकेच्या मध्यम पोळ्या होतात तीसेक. २० डबे, प्रत्येकी ४ पोळ्या, म्हणजे पावणेतीन किलो कणीक रोज. लाटायची मजुरी स्वतःची असली तरी भावात धराच, नाहीतर मदतनीस ठेवली की नफा गेला. पैसे महिन्याचे आगाऊ घ्या. उधारीतच डबे बुडतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, पैसे मागणारे दलाल. आणि हो, कंपनीचा गट आरोग्यविमा सहसा नोकरीबरोबरच संपतो. वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येईल का, ते शेवटच्या दिवसाआधी विचारा.